पत्रात कोण दिसतं? (अध्याय १७, श्लोक २० ते २२)



आजचे तीन श्लोक दानाबद्दलचे आहेत. थोडक्यात अर्थ असा. जो आपल्याला परत काही देऊ शकत नाही अशा माणसाला, 'देणं माझं काम आहे' एवढ्याच भावनेनं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्र बघून दिलं तर ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, किंवा मनातल्या मनात कुढत दिलं तर ते राजस. आणि अवेळी, अस्थानी, अपात्राला दिलं, किंवा घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला कमी लेखून दिलं, तर ते तामस.

फळाची अपेक्षा नको हे आपल्याला पाठ आहे. ते टी-शर्टवरसुद्धा छापून झालंय. त्यामुळे २० आणि २१ वाचताना आपण मान डोलावतो आणि २२ वर पटकन पान उलटतो, कारण 'आपण काही तामस नाही' अशी प्रत्येकाचीच खात्री असते. पण तो श्लोक सावकाश वाचा. यातल्या माणसानं दान दिलेलं आहे. खिशातून पैसे गेलेत, वेळ गेलाय, कदाचित घामही गळलाय. फक्त देताना समोरच्याची अवज्ञा केली. तेवढ्यावर गीता त्याला थेट तळाच्या रांगेत बसवते. मला हा श्लोक या तिघांत सगळ्यात कडक वाटतो.

आज यावर लिहायचं कारण घरातलंच आहे. माझी मामेबहीण, मूळची आमच्या साक्रीचीच, सध्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की तरुणांच्या एका तुकडीबरोबर सहा आठवडे केनियातल्या एका गावात जाणार आहे. शाळेच्या खोल्या रंगवायच्या, पाण्याच्या टाकीच्या बांधकामाला हात लावायचा, मुलांना गणित शिकवायचं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "दादा, तिथून घरी काय लिहू? मम्मी म्हणते रोज लिही. तुकडीवाले म्हणतात दर आठवड्याला मुलांसोबतचे फोटो आणि अनुभव पाठव, पुढच्या बॅचला प्रेरणा मिळते. आणि सत्संगात सांगतात की केलेलं सांगायचं नसतं, दान गुप्त असावं. मी नेमकं कोणाचं ऐकू?"

प्रश्न साधा वाटतो, पण यात कर्मयोगाचा अख्खा पेपर आहे. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. तीन दिवस हेच डोक्यात होतं.

आधी गुप्तदानाचं बघू. आपल्याकडच्या कुठल्याही देवळात जा, पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं. पंखा सुरू केला की नाव दिसत नाही आणि बंद असला की वारा लागत नाही. (माझ्या मते गुप्तदानाची यापेक्षा चांगली सोय कोणी केलेली नाही.) विनोद सोडा, पण 'काहीच सांगू नकोस' हा सल्ला आपण फार पटकन देतो. दूर गेलेल्या माणसानं घरी काहीच लिहायचं नाही, हा मला अधर्म वाटतो. कारण घरचं खातं वेगळं आहे.

विसाव्या श्लोकात 'अनुपकारी' असा शब्द आहे. ज्यानं आपल्यावर उपकार केलेले नाहीत आणि जो पुढेही करू शकणार नाही, तो. मग आईवडील? त्यांनी तर उपकारच उपकार केलेत. म्हणजे त्यांना आपण जे देतो, पैसा, वेळ, खुशाली, ते दानाच्या व्याख्येत बसतच नाही. ते ऋण आहे, हप्त्याहप्त्यानं फेडायचं. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. सुरत, नाशिक, पुणे, जिथं असतील तिथून घरची माणसं गावी येतात. तेव्हाचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. लहानपणी मला हे कंजूषपणाचं वाटायचं. आता वाटतं, त्यामागे काहीतरी समज असेल. बाहेरच्याला द्यायचं ते वर्षभर द्या, पण हा घास घरच्यांचा घरच्यांसाठी आहे. तो देण्याघेण्याच्या मोजमापात आणूच नका.

पत्र हा तसा घास आहे. तुम्ही परदेशात जाऊन सेवा करता तेव्हा तिची किंमत तुम्ही एकटे मोजत नाही. रात्री अडीचला उठून फोन तपासणारी आई ती मोजते, नातेवाइकांच्या "पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवलं" ला उत्तर देणारे वडील मोजतात. आमच्याकडे घरून फोन आला की पहिला प्रश्न अहिराणीत असतो, "जेवना का?" या प्रश्नाचं रोज खरं उत्तर देणं हा मुलीचा धर्मच आहे. यात कसलं आलंय मिरवणं?

इथं मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. नाव तुम्ही ऐकलं असेल. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आजोबांच्या पिढीनं थिएटरात पाहिलाय. कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. त्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली, आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अलाहाबादचे अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनं निघाले तेव्हा कोटणिसांचं वय २७. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान. त्या वयात आपण स्विच करू का, पॅकेज किती मिळेल, हे बघत असतो. मीही तेच बघत होतो.

ते घरी पत्रं लिहीत. युद्धातली टपाल, एक पत्र पोचायला किती दिवस लागतील याचा नेम नाही. आणि मग, निघून काही महिनेच झाले असताना, त्यांना चीनमध्ये बातमी मिळाली की सोलापुरात वडील वारले.

इथं जरा थांबा. आपण हा प्रसंग 'त्याग' असं म्हणून ओलांडून जातो. पण विचार करा, त्याच वेळी ते परत फिरले असते तर कोणी नावं ठेवली असती? घरी विधवा आई, भावंडं. परतणं हाही धर्मच होता. ते थांबले. मला या निर्णयावर निकाल द्यायचा नाही, आणि प्रवचनात जेव्हा कोणी "बघा, खरा कर्मयोगी!" म्हणून टाळ्या घेतो तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. कारण त्या टाळ्यांत सोलापूरच्या त्या आईची बाजू कोणी विचारत नाही. एवढं मात्र मला दिसतं की त्यांनी दोन खाती एकमेकांत मिसळली नाहीत. घरचं ऋण शिल्लक राहिलं, ते शिल्लकच राहिलं. चीनमधल्या जखमींची सेवा दाखवून ते फिटत नाही.

आणि तिकडे काय केलं? पथकातले बाकीचे चौघे एकेक करून भारतात परतले. कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोचले, तिथून पुढे आघाडीवर गेले. चिनी भाषा शिकले, इतकी की चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. त्यांचं चिनी नाव 'के दि-हुआ'. यातला 'हुआ' म्हणजे चीन. १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावानं चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, नाव ठेवलं यिन्हुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२.

यात मला सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू? भाषा शिकणं. ज्याला आपण फक्त 'मदत करायला' जातो, त्याची भाषा शिकायची गरज वाटत नाही. दुभाषा पुरतो, खाणाखुणा पुरतात. भाषा शिकायची तेव्हाच पडते जेव्हा समोरच्याकडून काही ऐकून घ्यायचं असतं. बाविसाव्या श्लोकातल्या अवज्ञेवर यापेक्षा चांगलं औषध मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. आपण नेहमी देणाऱ्याच्या खुर्चीत बसून हे श्लोक वाचतो. पण आपण घेणाऱ्याच्या जागीही होतो आणि आहोत, हे विसरतो. १९६६ मध्ये अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक योजनेतून जॉर्जिया राज्यातल्या एक नर्सबाई मुंबईत विक्रोळीला आल्या. वय ६८! नाव लिलियन कार्टर. गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाचं आणि दवाखान्याचं काम त्यांनी सुमारे दोन वर्षं केलं. तिथून त्या घरी पत्रं लिहीत होत्या. १९७७ मध्ये त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी त्या पत्रांचं पुस्तक निघालं.

या वयात, एवढ्या लांब, एवढ्या उकाड्यात येऊन रोग्यांची सेवा करणाऱ्या बाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या पुस्तकाचा विचार करताना मी विक्रोळीच्या बाजूनं विचार करतो. पत्रं लिहिली गेली घरच्यांसाठी. पोचली जगाकडे. ज्या बाया त्या दवाखान्याच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांच्याबद्दल इंग्रजीत काय लिहिलं गेलं हे त्यांच्यातल्या कितीजणी वाचू शकल्या असत्या? त्यांना कोणी विचारलं होतं का? पत्र चांगलं असो वा वाईट, त्यातल्या माणसाला त्यावर बोलायला जागाच नव्हती.

हे मला लांबचं वाटत नाही, कारण साक्री तालुक्याचा पश्चिम भाग आदिवासी पाड्यांचा आहे. पिंपळनेरच्या पुढे गेलात की डोंगर सुरू होतात. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, पाडे अर्धे रिकामे होतात. तिथं शहरातल्या मुलांची शिबिरं होतात. एनएसएसची सात दिवसांची होतात, इतरही होतात. बहुतेक मुलं मनापासून काम करतात, बंधारा घालतात, झाडं लावतात. पण एकदा अशाच एका शिबिराचा अहवाल माझ्या हातात आला होता. त्यात लिहिलं होतं की या लोकांना स्वच्छतेचं महत्त्व माहीतच नव्हतं, आम्ही ते समजावून सांगितलं. आता, मी त्या पाड्यांवर जेवलोय. शेणानं सारवलेलं अंगण इतकं लख्ख असतं की चप्पल घालून जायला लाज वाटावी. पाणी दीड किलोमीटरवरून डोक्यावर आणायचं आणि त्यातून हे सगळं ठेवायचं. अहवाल लिहिणाऱ्या मुलानं तिथं सात दिवस श्रमदान केलं होतं, ते खरंच होतं. आणि त्या एका वाक्यात त्यानं बाविसाव्या श्लोकातलं दान केलं होतं, हेही खरं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला लिहिताना घरचे, कॉलेजचे, गुण देणारे सर दिसत होते. अंगण सारवणारी बाई दिसत नव्हती.

म्हणून मी बहिणीला जे सांगितलं ते इथं लिहितो. तिला म्हटलं, रोज घरी लिही. काय खाल्लं, पोट बिघडलं का, रडू आलं का, कोणाशी भांडण झालं, सगळं. हे मम्मीचं आहे, मम्मीलाच पाठव. तिथल्या लोकांबद्दल जेव्हा लिहशील तेव्हा एकच बघ. हे वाक्य त्या माणसाच्या भाषेत करून, त्याच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यात बघत मोठ्यानं वाचता येईल का? येत असेल तर लिही. येत नसेल तर ते वाक्य घरीही पाठवू नको. आणि ही आता कल्पना राहिलेली नाही. तू मराठीत टाकलेली ओळ केनियातला मुलगा एक बटण दाबून त्याच्या भाषेत वाचू शकतो. विक्रोळीच्या बायांना जे जमलं नाही ते त्याला जमेल.

फोटोंचंही तेच. तुझ्या शाळेतल्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन कोण्या अनोळखी पाहुण्यानं सेल्फी काढून जगाला दाखवली तर मामीला चालेल का? मग त्या मुलाच्या आईलाही विचार. ती हो म्हणाली तर काढ.

तिनं मग उलट विचारलं, "पण दादा, मग प्रेरणेचं काय? कोणी काही लिहिलंच नाही तर पुढचे जाणार कसे?" बरोबर आहे. कोटणिसांचं नाव आपल्याला माहीत आहे ते कोणीतरी लिहिलं म्हणूनच. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं, त्यावरून सिनेमा निघाला. लिहिणं पाप असतं तर आज आपल्या हातात गीताही नसती.

आणि लिहायचं कसं याचा एक नमुना आपल्या धुळ्यातच आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर कैदी बसलेले. त्यांत एक होते अमळनेरच्या शाळेत शिकवून आलेले साने गुरुजी. त्यांनी ती प्रवचनं बसून उतरवून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्याला मिळतं. सतराव्या अध्यायावरचं प्रवचनही त्यातच आहे. साने गुरुजींचं मन किती हळवं, ते स्वतः किती लिहिणारे, हे आपण जाणतो. भाचीला त्यांनी लिहिलेल्या पत्रांचं 'सुंदर पत्रे' प्रसिद्ध आहे. तिथं ते भरभरून बोलतात, कारण ती घरची पत्रं आहेत. पण गीता प्रवचने तुम्ही उघडून बघा. उतरवून घेणारा माणूस कुठं दिसतो? तुरुंगात बसल्यावर त्याला काय वाटलं, हे सगळं टिपताना तो किती दमला, काही नाही. एकच हात, दोन प्रकारचं लिहिणं. कुठं आपण असायचं आणि कुठं नसायचं हे त्या हाताला कळत होतं.

(आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही हे आहे. रात्री सर्व्हर पडला तर जो लॉग आपण लिहितो तो पुढच्या माणसाला दुरुस्ती करता यावी म्हणून असतो. त्यात 'मी रात्रभर जागलो' असं कोणी लिहीत नाही. ते बायकोला सांगायचं असतं.)

शेवटी तिनं जो प्रश्न विचारला नव्हता तो मीच काढला. जायचंच का? २० व्या श्लोकातले 'देश' आणि 'काल' हे दोन शब्द आपण घाईत वाचतो. तुझ्या विमानाच्या तिकिटात तिथल्या शिक्षकाचे किती महिन्यांचे पगार निघतील, हा हिशोब घाल म्हटलं. भिंत रंगवणारा माणूस तिथंही आहे आणि त्याला त्या मजुरीची गरज आहे. कंबोडियात तर असं झालं की परदेशी पाहुणे अनाथ मुलांची सेवा करायला येऊ लागले तशी अनाथालयं वाढत गेली, आणि युनिसेफच्या पाहणीत दिसलं की आतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. मुलं गरीब होती, अनाथ नव्हती. देणाऱ्यांच्या इच्छेनंच तिथं पात्र तयार केलं. चू ते यांनी डॉक्टर मागितले होते आणि डॉक्टर गेले. तुला त्या गावानं काय मागितलंय, ते तुकडीवाल्यांना नाही, गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून बघ.

तिनं खरंच ईमेल केला. उत्तर आलं की भिंतींचं आमचं आम्ही बघू, पण शाळेत जुने वीस-बावीस कॉम्प्युटर पडून आहेत, ते चालू करून आमच्या दोन शिक्षकांना शिकवता येईल का? आता ती परीक्षेचा अभ्यास सोडून लिनक्स बघत बसलीये आणि मामी माझ्यावर चिडलीये. सोबत स्वाहिलीचे धडेही सुरू झालेत. आकडे आणि 'जेवलास का' एवढं जमतंय म्हणे.

कोटणिसांचं सोलापूरचं राहतं घर आता स्मारक आहे. कधी तिकडे गेलात, सिद्धेश्वराच्या दर्शनाला वगैरे, तर वाट वाकडी करून जा. मुलगा यिन्हुआही लवकरच गेला, १९६७ मध्ये, डॉक्टरकीचं शिक्षण घेत असतानाच. पण त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. चीनचे मोठे नेते भारतभेटीवर आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत. ज्या मुलखातून कधीकाळी उशिरानं पत्रं यायची, तिथली माणसंच त्या घरच्यांची चौकशी करायला येऊ लागली.

उद्या श्लोक २३.